रांगोळी स्थावर की जंगम?

दिवाळीत जूचंद्रला याल तर पाय जपून टाका. वसई तालुक्यातल्या नायगावच्या पूर्वेचे हे गाव रांगोळीचे. इथली मुले पाटीवर अक्षर गिरवायच्या वयात चिमटीतून रंग सोडायला शिकतात, आणि मोठी होऊन जमिनीवर अशी माणसे काढतात की परका पाहुणा वाकून बघतो आणि विचारतो, फोटो कुठे छापून घेतला? एका चेहऱ्यापायी अख्खी रात्र जाते. पंखा बंद, दारे लोटलेली, भोवती सुतळी बांधलेली. बुबुळातला पांढरा ठिपका पडला की कलाकार श्वास सोडतो, तोही तोंड बाजूला वळवून.

मागे अशाच एका प्रदर्शनात शेजारची मुलगी, नुकतीच लॉ कॉलेजात गेलेली, मला म्हणाली, "काका, ही रांगोळी स्थावर की जंगम?" प्रश्न मला होता, पण उत्तर दिले बाजूला उभ्या असलेल्या भाऊंनी. भाऊंची उभी हयात मामलेदार कचेरीत गेलेली. "त्यात विचारायचंय काय? स्थावर! उचलून दाखव बघू." सगळे हसले आणि विषय मिटला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही. भाऊंचे उत्तर चूक होते, आणि त्या चुकीत भाऊ एकटे नाहीत. हलते ते जंगम, हलत नाही ते स्थावर, हे सूत्र आपण सगळेच पाढ्यासारखे घोकत आलो आहोत.

या मताची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. पूर्वपक्ष लुळा करून खोडण्यात मौज नाही. पहिला आधार शब्दांचा. 'स्थावर' हा 'स्था' धातूपासून आला, 'जंगम' हा 'गम्' पासून. एक राहणारे, दुसरे फिरणारे. गावोगाव फिरणाऱ्या वीरशैव गुरूंना जंगम म्हणतात ते याच अर्थाने. दुसरा आधार व्यवहाराचा. मृत्युपत्रात, वाटणीपत्रात 'स्थावर-जंगम मिळकत' अशी जोडी पडते आणि घरातल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. शेत, घर, विहीर एका बाजूला, दागिने, गुरे, भांडी दुसऱ्या बाजूला. तिसरा आधार सर्वांत वजनदार: न्यायालयेही कित्येकदा विचारतात की ही वस्तू न मोडता दुसरीकडे नेता येईल का. म्हणजे हे मत अडाणीपणाचे नाही. दहातल्या नऊ वेळा त्याने काम भागते. वकिलाचे पोट मात्र दहाव्या वेळेवर चालते.

आता कायद्याची पुस्तके उघडू. कायद्यातल्या इंग्रजी नावांतही हलण्या-न हलण्याचीच कल्पना आहे, पण व्याख्येत शिरलात की ती गायब होते. १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम म्हणतो, स्थावरात जमीन येते, जमिनीपासून होणारे लाभ येतात, जमिनीला जोडलेल्या वस्तू येतात, आणि अशा वस्तूला कायमच्या जखडलेल्या वस्तूही येतात. उरले ते सगळे जंगम. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याहून गमतीचा. स्थावर म्हणजे काय हे तो सांगतच नाही. स्थावर काय नाही तेवढे सांगतो: तोडणीचे उभे लाकूड, उभे पीक आणि गवत. आश्विनात जूचंद्रच्या शेतात लोंब्यांनी वाकलेले भात बघा. मुळांसकट जमिनीत उभे असते, वाऱ्याने डोलते पण जागा सोडत नाही. कायदा त्याला जंगम म्हणतो. भाऊंच्या सूत्राचा पहिला बळी ते भात.

'जमिनीला जोडलेले' म्हणजे काय, याचे उत्तर मात्र १८८२ च्या कायद्याने चोख दिले आहे. एक, झाडासारखे रुजलेले. दोन, भिंतीसारखे रोवलेले. तीन, रोवलेल्या वस्तूच्या कायमच्या उपभोगासाठी तिला जोडलेले, जशी भिंतीची चौकट आणि दार. या तिन्हींत रांगोळी कुठे बसते? ती रुजलेली नाही, रोवलेली नाही. फरशीचा उपभोग वाढावा म्हणून कायमची बसवलेली म्हणावी, तर भाऊबीज उलटली की घरातलीच माणसे तिला केरसुणी लावतात. ती स्वतःच्या वजनाने पडलेली पूड आहे. उचलली तर मोडते हा तिचा नाजूकपणा झाला, जमिनीशी तिचे नाते त्याने सिद्ध होत नाही. पत्त्यांचा बंगलाही उचलता येत नाही, म्हणून तो काही बंगला होत नाही. रांगोळी जंगम. आणि तीच आकृती, तोच चेहरा, उद्या कुणी मोझेकच्या तुकड्यांनी एखाद्या सभामंडपाच्या फरशीत बसवला, तर तो स्थावर. चित्र तेच आहे आणि दोन्हींपैकी कुठलेही हलत नाही.

आपल्या वसई तालुक्यात ताड पाहायला लांब जावे लागत नाही. कमरेला दोर बांधून माणूस वर चढतो, शेंड्याच्या पोग्याला काप देतो, खाली मडके बांधतो. रात्रभर रस थेंब थेंब उतरतो. आता या एका झाडाची मालकी वाटू. ताड जमिनीत रुजलेला आहे, म्हणून स्थावर. त्यावर लोंबणारे ताडगोळे? १९०८ च्या नोंदणी कायद्याने झाडावरची फळे जंगमात घातली आहेत. आणि मडक्यात न पडलेला, अजून झाडाच्या अंगातच असलेला रस? तोही जंगम. माझी ही कल्पनाशक्ती नव्हे. 'झाडावरील फळे आणि झाडातील रस' असे त्या व्याख्येत स्पष्ट आहे. कायदा लिहिणाऱ्याने ताडामाडांचा देश पाहिलेला असावा असे मला ती ओळ वाचताना दर वेळी वाटते. सूत्रवाल्यांना माझा साधा प्रश्न: झाडाच्या आत असलेला रस झाडाशिवाय हलतो कसा? तो हलत नाहीच. तो लवकरच काढून विकला जाणार आहे, म्हणून जंगम आहे. जमिनीशी त्याचा संबंध रात्रीपुरता आहे.

हा 'लवकरच' फार महत्त्वाचा शब्द, आणि तो ज्या खटल्यात घासूनपुसून लख्ख झाला तो आपल्याच राज्यातला. विदर्भातल्या एका जमीनदाराने १९४८ साली पत्नी शांताबाईंना आपल्या जंगलातले इमारती लाकूड, सरपण आणि बांबू तोडून नेण्याचा हक्क लिहून दिला. दस्ताची नोंदणी केली नाही. पुढे जमीनदारी गेली, जंगल सरकारचे झाले, अधिकाऱ्यांनी तोड थांबवली, आणि बाई थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दरम्यान १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, म्हणून खटल्याचे नाव 'शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य' असे राहिले. १९५८ च्या निकालात न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी लाकूड आणि झाड यांतला फरक असा काही उलगडला की आजही वाचताना समाधान वाटते. बोस नागपूरच्या उच्च न्यायालयातून वर गेलेले. जंगल त्यांना कागदावरचे नव्हते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जे झाड इतक्यात तोडले जाणार आहे की उभे असूनही व्यवहारात ते लाकूडच झाले, ते जंगम. पण जे झाड अजून जमिनीतून रस ओढून वाढणार आहे, ते झाडच, आणि ते स्थावर. बाईंचा हक्क बारा वर्षांहून लांब होता. बारा वर्षांनी तोडायला येणारे झाड आज तोडायला आलेले नसते. ते त्या जमिनीवर पोसले जाणार. म्हणजे बाईंनी लाकूड घेतले नव्हते, जमिनीचा लाभ घेतला होता. लाभ स्थावर, स्थावराला नोंदणी हवी, नोंदणी नव्हती. बाई हरल्या.

या निकालात झाड हलते का, असा प्रश्नच आला नाही हे ध्यानात घ्या. प्रश्न आला तो हक्क किती काळ जमिनीवर पोसला जाणार याचा.

इथे पूर्वपक्ष म्हणेल, ठीक आहे, झाडाफळांचा अपवाद धरा. पण जे उघड उघड हिंडते-फिरते ते तरी स्थावर होणार नाही ना? होते. मासा घ्या. मासा एका जागी थांबत नाही हे नायगावच्या कोळणीला वकिलाने सांगायला नको. ओरिसातल्या चिलिका सरोवरात काही भागांतले मासे पुढच्या वर्षांत धरून नेण्याचा हक्क मच्छीमारांनी तिथल्या राजाकडून तोंडी विकत घेतला होता. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दुसऱ्याच्या पाण्यात उतरून मासे धरून नेण्याचा हक्क हा जमिनीपासून होणारा लाभ, म्हणून स्थावर; लेखी दस्त नाही, नोंदणी नाही, तर हक्क मिळालाच नाही. मासा जंगम खरा, पण पकडल्यावर. न पकडलेल्या माशावरचा हक्क त्या पाण्याखालच्या जमिनीला चिकटलेला असतो.

याहून पुढचे उदाहरण आपल्या घरचे आहे आणि ते सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण सूत्रवाले नेहमी 'आपल्या जुन्या शास्त्रात असेच आहे' असे म्हणून थांबतात. जुन्या शास्त्रात नेमके उलटे आहे. याज्ञवल्क्याने आजोबांच्या मिळकतीत बाप-लेकाचा सारखा हक्क सांगताना तीन नावे घेतली: भूमी, निबंध आणि द्रव्य. भूमी आणि द्रव्य समजले. मध्येच हा निबंध कोण? 'मिताक्षरा'कार विज्ञानेश्वराने त्याचा दाखला दिला तो पानमळ्याचा आणि पोफळीच्या बागेचा: अमुक मळ्यातल्या पानांच्या ओझ्यामागे इतकी पाने, बागेतल्या फळांमागे इतकी सुपारी, असे बांधून दिलेले कायमचे उत्पन्न. (विज्ञानेश्वर कल्याणचा, पण ते कल्याण आपल्या लोकलचे नव्हे, चालुक्यांची राजधानी, आज बिदर जिल्ह्यात.) वसईच्या पानमळेवाल्यांना हे चटकन कळेल. टोपलीतले पान जंगम. ते बाजारात जाते, विड्यात जाते, संपते. पण पिढ्यान्‌पिढ्या त्या मळ्यातून पाने मिळण्याचा हक्क संपत नाही, म्हणून शास्त्राने तो भूमीच्या पंगतीला बसवला.

आणि ही नुसती पोथी राहिली नाही. १८७२ साली मुंबई उच्च न्यायालयाने वंशपरंपरागत ग्रामजोशीपण स्थावर मिळकतीच्या कक्षेत धरले. बगलेत पंचांग मारून वेशीपासून वेशीपर्यंत फिरणारा जोशी! १८८२ मध्ये याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने 'ठाण्याचे कलेक्टर विरुद्ध हरी सीताराम' या खटल्यात म्हटले की कायमची नेमून दिलेली वार्षिक रोकड ही निबंध होय, मग तिचा बोजा एखाद्या जमिनीवर असो वा नसो. ठाण्याचे कलेक्टर म्हणजे तेव्हाचे आपलेच. आजचा आपला पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. तेव्हा आपल्याच जिल्ह्याच्या कलेक्टरसाहेबांना ऐकावे लागले की रोख रुपया, ज्याच्याइतके चंचल जगात काही नाही, तोही कायमच्या नेमणुकीने बांधला की स्थावर होतो. आजच्या नोंदणी कायद्यातल्या स्थावराच्या व्याख्येत वंशपरंपरागत नेमणुका, वाटेचा हक्क, उजेडाचा हक्क, तरीचा हक्क आणि मासेमारीचा हक्क ओळीने बसले आहेत. यातली कुठली गोष्ट तुम्हाला जागेवर पाय रोवून उभी दिसते? उजेड?

यंत्रांचा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण पूर्वपक्षाचा तिसरा आधार त्यातच असल्याने टाळता येत नाही. डांबराचा माल तयार करणारा प्लांट दीड फुटाच्या पायावर नटबोल्टने बसवला होता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, तो थरथरू नये म्हणून बसवला आहे, जमिनीचा भाग व्हावा म्हणून नव्हे, जंगम. खताच्या कारखान्यातली यंत्रे मात्र आधी, २००० च्या सुमारास, मुद्रांकापुरती स्थावर ठरली होती, कारण ती तिथेच कायम चालवायची म्हणून रोवली होती आणि विकताना चालता कारखाना म्हणून विकली गेली. दोन्ही ठिकाणी नट खोलता येत होते. 'न मोडता नेता येईल का' हा प्रश्न न्यायालय विचारते खरे, पण पुरावा म्हणून. निकाल लागतो तो जोडण्याच्या हेतूवर.

मोबाइलच्या टॉवरने तर कहर केला. वसई-विरारमध्ये गच्चीगच्चीवर तो उभा आहे. २०१६ च्या डिसेंबरात गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालमत्ता कराच्या दृष्टीने टॉवर ही 'इमारत' आहे, पालिका कर लावू शकते. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, पुण्याच्या उत्पादन शुल्क आयुक्तांविरुद्धच्या अपिलात, ठरवले की टॉवर उखडून दुसरीकडे बसवता येतो, तो जमिनीच्या भल्यासाठी नसून अँटेना स्थिर राहावा म्हणून आहे, तेव्हा तो 'माल' आहे आणि कंपनीला कराची वजावट मिळेल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये याच्या उलट सांगितले होते. ते रद्द झाले. टॉवर तोच, नटबोल्ट तेच. पालिकेच्या दारात इमारत आणि उत्पादन शुल्काच्या दारात माल.

भाऊंना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग तुमचा कायदा लहरी आहे, वकीलसाहेब." हा आक्षेप खरा मानला तर माझे सगळे म्हणणेच कोसळते, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. लहर तेव्हा दिसते जेव्हा आपण समजतो की स्थावरपणा हा वस्तूचा गुण आहे, जसा मिठाचा खारटपणा. तो वस्तूचा गुणच नाही. हक्काचा जमिनीशी जो संबंध असतो, त्या संबंधाचे ते नाव आहे, आणि प्रत्येक कायदा आपल्या कामापुरते तो संबंध तपासतो. नोंदणी कायद्याला काळजी आहे उद्याच्या अनोळखी खरेदीदाराची. चार महिन्यांत कापून जाणाऱ्या भाताने त्याची फसवणूक होत नाही, म्हणून पीक जंगम. बारा वर्षे जंगल तोडण्याच्या हक्काने होते, म्हणून तो स्थावर. मुदतीच्या कायद्याला काळजी आहे जुन्या भांडणांची: स्थावराच्या ताब्याच्या दाव्याला बारा वर्षे, जंगमाच्या दाव्याला साधारण तीन. दिवाणी प्रक्रिया संहितेला बघायचे असते दावा कोणत्या कोर्टात लावायचा. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात.

आणि फौजदारी कायदा क्षण बघतो. जमिनीला जोडलेली वस्तू चोरीचा विषय होत नाही, पण तोडल्याक्षणी होते. हे जुन्या भारतीय दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. दुसऱ्याचे झाड तोडणारा, तुटण्याच्या त्या क्षणी, एकाच घावात स्थावराचे जंगम करतो आणि चोर होतो. वैतरणेच्या पात्रातली रेती पात्रात आहे तोवर जमीन आहे. फावड्याने होडीत पडली की जंगम, आणि परवाना नसेल तर त्याच फावड्यावर चोरी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बेकायदा रेती उपशाला खनिज कायद्याबरोबर चोरीचे कलमही लागते. आमच्याकडच्या मिठागरावर हा बदल उघड्या डोळ्यांनी दिसतो. भरतीचे पाणी बांधातून आत येते, उन्हाने आटते, तळाशी पांढरी साय धरते. तोवर माझ्या मते ते जमिनीच्याच खात्यात. आगरी माणूस ते ओढून बांधावर त्याची रास घालतो आणि रास घातली की तो माल झाला. ट्रक येईल, वजन होईल, पावती फाटेल. मीठ बनवण्याचा आगरावरचा हक्क मात्र तिथेच राहतो, पुढच्या हंगामापर्यंत वाट बघत.

भाडेकरूचीही गोष्ट याच धाग्यातली. जमिनीवर जे उभे राहील ते जमीनमालकाचे, हा विलायती नियम आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. मुंबईतल्याच धैर्यवान-ठाकूर प्रकरणात १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की जमीन एकाची आणि तिच्यावरची इमारत दुसऱ्याची असू शकते. १८८२ चा कायदाही भाडेपट्टेदाराला आपण जोडलेल्या वस्तू, ताबा असेपर्यंत, काढून नेऊ देतो, जागा होती तशी परत करायच्या अटीवर.

हा सगळा खल घरात बसून करायचा असता तर मी केलाही नसता. वसईत राहणाऱ्याला भाऊंचे हे मत महागात पडते, म्हणून लिहितो आहे.

माझ्याकडे मध्यंतरी एक जोडपे आले. प्लास्टिकच्या पिशवीत कागद. चाळीतली खोली घेतलेली, आयुष्याची कमाई आणि गावाकडचे थोडे दागिने घालून. मुद्रांकाच्या कागदावर करारनामा, खाली नोटरीचा लाल शिक्का, सोबत कुलमुखत्यारपत्र, वीजबिल आणि घरपट्टीची पावती. नवरा म्हणाला, "साहेब, खोली काय पळून जाणारे का? स्थावर आहे ना ती." त्याच पिशवीत त्याच्या जुन्या स्कूटरची कागदपत्रे होती. ती विकताना तो आरटीओत दोन खेपा घालून आला होता, नाव बदलून घेतले होते. जी गाडी कायद्याने निखळ जंगम, तिच्यासाठी सरकारी दप्तरात नोंद. जी खोली स्थावर म्हणून त्याला इतका भरवसा, ती त्याने जुना पंखा घ्यावा तशी घेतली.

प्रचलित मताचा खरा तोटा इथे आहे. स्थावर म्हणजे न हलणारे, असे मनात बसले की माणूस पुढे म्हणतो, न हलणारे म्हणजे खात्रीचे. आणि खात्रीच्या वस्तूला कागद कशाला? कायदा अगदी उलट बोलतो. वस्तू नजरेसमोर हातात देता येत नाही, म्हणूनच कागद हवा. १८८२ च्या कायद्याने शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होईल असे सांगितले. तेव्हा शंभर रुपये मोठी रक्कम होती. आज शंभरात खोलीचे कुलूपही येत नाही, पण आकडा तसाच राहिला आहे. नोटरी दस्तावर सही कुणी केली याची साक्ष देतो, मालकी देत नाही. ११ ऑक्टोबर २०११ रोजी 'सूरज लॅम्प' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुलमुखत्यारपत्र, विक्री-करार आणि मृत्युपत्र यांचा जुडगा करून केलेली 'विक्री' ही विक्रीच नव्हे, असे निक्षून सांगितले. ताबा घेतलेल्या खरेदीदाराला करारावर मिळणारे संरक्षणसुद्धा २००१ च्या दुरुस्तीनंतर करार नोंदलेला असेल तरच. मुद्रांकाचा कागद शंभराचा होता तो ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात पाचशेचा झाला. त्याने खोलीचा खर्च चारशेने वाढला, हक्क वाढला नाही.

सोसायटीतल्या फ्लॅटवाल्यांनी हसू नये. शेअर सर्टिफिकेट कपाटात आहे म्हणजे फ्लॅट आपला, हा त्याच जातीचा समज. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने सोसायटीच्या भागांच्या दस्ताला सक्तीच्या नोंदणीतून मोकळे ठेवले आहे, खरे. पण भागांबरोबर फ्लॅटचा ताबा आणि उपभोग हस्तांतरित होतो तेव्हा मुद्रांकापुरता तो स्थावराचाच व्यवहार, असे सर्वोच्च न्यायालय २००० मध्ये सांगून बसले आहे. सर्टिफिकेट कागद आहे, कागद जंगम. फ्लॅटचा हक्क त्या कागदाहून जड आहे.

आणि 'खोली पळून जाणारे का?' याचे उत्तर शेजारच्या नालासोपाऱ्याने दिले. कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला शेवटच्याही गेल्या. त्या घरांत राहणाऱ्यांकडेही कागद होते. इमारती काँक्रीटच्या होत्या, जमिनीत रोवलेल्या होत्या, भाऊंच्या कसोटीला शंभर टक्के उतरणाऱ्या होत्या. जेसीबीने त्यांचे काही तासांत डबर केले, आणि डबर म्हणजे जंगम. जमीन मात्र तिथेच राहिली, राखीवच.

त्या जोडप्याला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. खोली बघायला जाण्याआधी जमिनीचा सातबारा काढा, विकणाऱ्याच्या नावावर नोंदलेले खरेदीखत आहे का विचारा, वसईच्या दुय्यम निबंधकाकडून त्याची इंडेक्स टू घ्या आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक महापालिकेत जाऊन ताडून बघा. यातले एकही नसेल तर नोटरीचा शिक्का कितीही लाल असो, टोकनसुद्धा देऊ नका.